मुंगीपाणी

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बोरमाळच्या सहकारी बेदाणा केंद्रात ईश्वरी कोळेकर निवडीच्या सरकत्या पट्ट्यावर पुढे झुकली आणि तशीच राहिली. शेजारच्या बाईला वाटले, पट्ट्यात अडकलेली काडी काढते आहे. मग त्या बाईलाही खाली बसावेसे वाटू लागले. तिसरी उठायला गेली, तर तिचे गुडघेच चालेनात.

हॉलमध्ये वीसेक बायका होत्या. भिंतीवर विषारी वायूचा इशारा देणारे यंत्र होते. ते वाजले नाही.

मुकादम छाया बंडगर, ज्यांना सगळे केंद्र छायाक्का म्हणते, दाराकडे धावल्या आणि उंबऱ्याशी पडल्या. पडताना त्यांचा हात पत्र्याच्या दारावर आपटला. तो आवाज ऐकून पलीकडच्या आम्लघराचा चालक रणजित ऐवळे आला. त्याने दोन्ही दारे सरकवली आणि श्वास रोखून एकेकीला ओढत अंगणात आणले. ईश्वरी पट्ट्याच्या टोकाला, भिंतीलगत होती. तिला खांद्यावर टाकून बाहेर आणल्यावर तो स्वतःही उलटी करून खाली बसला.

संध्याकाळपर्यंत बाकी सगळ्या बोलू लागल्या. ईश्वरीने मिरजेच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. ती पहिले वाक्य बोलली ते असे : “पट्टा बंद करा.”

बोरमाळ हे तासगाव तालुक्यातले द्राक्षांचे गाव. आठ वर्षांपूर्वीपर्यंत इथले कोल्ड स्टोरेज रात्री डिझेलवर चाले आणि सगळा नफा त्या धुरात जाई. मग स्वस्त उत्प्रेरक सापडला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आंबवण्याच्या टाक्यांतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून देत, तो पकडून दिवसाच्या सौर विजेवर त्याचे फॉर्मिक आम्ल करता येऊ लागले. दिसायला पाणी. पण एका लिटरमध्ये पाचशे लिटरहून जास्त हायड्रोजन बांधलेला, आणि तोही दाबाच्या जाड नळकांड्यांशिवाय. रात्री केंद्राच्या आम्लघरात दुसरा उत्प्रेरक तो हायड्रोजन मोकळा करतो, त्याची वीज होते, आणि बेदाणा थंड राहतो. लाल मुंगी चावल्यावर जे झोंबते ते हेच आम्ल. गावाने त्याला पहिल्याच आठवड्यात मुंगीपाणी म्हणायला सुरुवात केली. आता टँकरवाल्यांनीही टँकरवर मुंगी रंगवून घेतली आहे.

मुंगीपाणी कातडी भाजते, डोळ्यांत उडाले तर डोळा जाऊ शकतो. हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मे खुंटीवर असतात आणि वापरलेही जातात. त्याचा दुसरा गुण मात्र चटकन लक्षात राहत नाही. नुसते टाकीत उभे असतानाही ते हळूहळू मोडते, आणि त्यातून पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. उन्हाळ्यात हा वेग वाढतो. म्हणून टाकी कधीच पूर्ण बंद ठेवायची नसते. तिच्या माथ्यावरून बोटभर जाडीची नळी छताबाहेर काढलेली असते. टाकी तिच्यातून श्वास सोडते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि सहज सोडत नाही. माणसाला डोके जड वाटते, झोप येते, आणि आपण आजारी आहोत हे कळायच्या आतच त्याची उठण्याची ताकद गेलेली असते. पण टाकीतून निघताना हा वायू एकटा येत नाही. त्याच्याबरोबर आम्लाची थोडी वाफ येते, आणि तिला आंबट, धारदार वास असतो. तो वास हीच खबर. म्हणून नियमात दोन गोष्टी सक्तीच्या आहेत : भिंतीवर यंत्र, आणि चालकाचे नाक. दर वर्षी चालकाच्या नाकाची परीक्षा होते. प्रशिक्षणात सांगत, यंत्र बिघडतं, नाक बिघडत नाही.

भिंतीवरचे यंत्र त्या सकाळी बिघडलेले नव्हते. त्याच्यावर पॉलिथिनची पिशवी होती, तोंडाला रबरबँड लावलेली.

ही पिशवी बोरमाळची खास रीत आहे. बेदाणा धुऊन झाला की त्याला गंधकाची धुरी देतात, म्हणजे रंग उजळ राहतो. धुरीची खोली हॉलच्याच टोकाला आहे. गंधकाचा वायू थोडा जरी बाहेर आला तरी यंत्राला तो कार्बन मोनॉक्साइड वाटतो आणि ते कोकलत सुटते. पहिल्या वर्षी ते इतक्या वेळा खोटे वाजले की बायका कानांत कापूस घालून बसू लागल्या. तेव्हापासून धुरीच्या आधी छायाक्का यंत्राला पिशवी बांधतात. रात्रभर हॉल बंद राहतो. सकाळी दारे उघडून हवा खेळवतात, चालक येऊन गंधकाचा वास गेला की नाही ते पाहतो आणि पिशवी सोडतो.

रणजितला हा वास येत नसे. कुठलाच येत नसे.

हे त्याच्या बायकोला, रेश्माला, लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळले होते. दूध करपून धूर झाला तरी तो समोर बसून पेपर वाचत होता. मुलगी झाली तेव्हा त्याने बाळाचे डोके नाकाशी नेले आणि मग रेश्माला विचारले, “कसा येतोय?” ती म्हणाली, “गरम पेजेसारखा.” त्यावर त्याने मान हलवली, जणू खात्री करून घेतली.

रेश्मा त्याच केंद्रात पॅकिंगला होती. कामावर जाताना ती हॉलमधून जाई, आम्लघराच्या जाळीशी थांबे आणि हात हलवी. सगळे ठीक. धुरीच्या दुसऱ्या दिवशी ती फक्त “गेला” म्हणे आणि रणजित पिशवी सोडी. बायका यावरून तिला चिडवत. एवढ्या वर्षांनीसुद्धा नवऱ्याला बघितल्याशिवाय काम सुचत नाही हिला, असे म्हणत. रेश्मा हसून पुढे जाई.

त्या मंगळवारी रेश्मा जतला होती. भावाच्या घराची वास्तुशांत आदल्या दिवशी झाली होती.

ती नसली की रणजित काळजी जास्त घेई. गंधक पूर्ण गेला हे त्याला कळत नसल्याने तो पिशवी उशिरा सोडी, दुपारपर्यंतही ठेवी. म्हणजे यंत्र खोटे वाजून कोणी बोल लावायला नको. त्या दिवशीही त्याने तेच केले. छायाक्कांनी हवा खेळवली, मग धूळ येते म्हणून दारे लोटली आणि पट्टा सुरू केला.

नऊच्या सुमारास त्यांनी त्याला हाक मारली होती.

“रणजित, कायतरी आंबट येतंय का रं?”

तो हॉलच्या मध्यापर्यंत आला. त्याने श्वास ओढला.

“नाही आक्का. धुरीचंच असंल.”

“गंधक असा येत नाही.”

“मग बेदाण्याचा.”

त्या हसल्या. “बेदाण्यात जन्म गेला माझा, आणि तू मला बेदाण्याचा वास शिकीव.” आणि कामाला लागल्या.

आम्लघरांच्या निरीक्षक सलमा मुजावर दुसऱ्या दिवशी सांगलीहून आल्या. शिडी लावून स्वतः छतावर चढल्या. टाकीच्या श्वासनळीच्या तोंडाला बारीक जाळी असायला हवी होती, ती आम्लाच्या वाफेने खाल्ली होती. नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, नीट गोल, आत अळ्यांसाठी खोल्या पाडलेले. टाकीला श्वास सोडता येईना. उन्हाने आत वायू वाढत गेला, आणि टाकीच्या तोंडाशी मोजमापाची तार जिथून आत जाते तिथले रबरी बूच सुटले. ही तार हॉलमधून येते, त्यामुळे वायू तिच्या नळीतून थेट हॉलमध्ये उतरला. आम्लघराला जाळीच्या भिंती आहेत, हवा खेळती, म्हणून तिथल्या यंत्राला काहीच कळले नाही.

मुजावरांनी मातीचा तो गोळा पिशवीत घातला. खाली उतरून म्हणाल्या, “माशीवर गुन्हा दाखल करता येत नाही. आता माणसांचं बघू.”

माणसांचे सरळ दिसत होते. छायाक्कांनी जबाब दिला : पिशवी मी बांधली, सोडायची राहिली. आंबट वास मला आला होता, मी कुणाला विचारलं नाही. रणजितला विचारले तेव्हा तो म्हणाला, मला वास आला नाही. दोन्ही जबाब एकमेकांत बसत होते. संस्थेलाही ते सोयीचे होते. छायाक्कांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. हलगर्जीचा गुन्हा त्यांच्यावर, अहवाल सोमवारी.

रेश्मा जतहून आली ती थेट मिरजेला ईश्वरीकडे गेली आणि मग घरी. संध्याकाळी ती भाकरी थापत होती. रणजित भिंतीला टेकून बसला होता.

“आक्कांनी काय सांगितलं ऐकलं का?”

“ऐकलं.”

“त्यांनी खरंच कुणाला विचारलं नाही?”

त्याने पाय आखडून घेतले. रेश्माने मान वळवली. तव्यावरची भाकरी एका बाजूने काळी पडली. तिने ती उचलून बाजूला ठेवली.

“तुम्हाला विचारलं,” ती म्हणाली. “आणि तुम्ही नाही म्हणालात.”

“मला नव्हता येत.”

“तुम्हाला कधी येतो?”

तिने दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

“आठ वर्षं तुमच्यासाठी हुंगत फिरले मी. बायका हसायच्या, हसू दे म्हटलं. पगार तुम्ही घेतलात, त्याचंही काही नाही. आता जबाब पण मीच देऊ का?”

“लायसन जाईल.”

“जाईल की.”

“केस होईल, रेश्मा.”

“आक्कांवर झालेली चालेल?”

तिने पीठ झटकले आणि हात तसेच मांडीवर ठेवले.

“ती पोरगी पडली तेव्हा मी पेढा खात होते. भाऊ म्हणाला, राहा अजून एक दिवस, आणि मी राहिले. हे मी कुणापाशी सांगू? मला तर कुणी विचारणार पण नाही.”

छायाक्कांचे घर माळावर, बागेच्या कडेला आहे. रणजित सकाळी गेला तेव्हा त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. चालताना अजून भिंतीचा आधार घेत होत्या.

“आक्का, तुम्ही विचारलं होतं मला.”

“कधी?”

“मंगळवारी. आंबट येतंय का म्हणून.”

“मला नाही आठवत.”

“आठवतंय तुम्हाला.”

“त्या गॅसनं विसरायला होतं म्हणतो डॉक्टर. त्यालाच विचार.” त्यांनी मूठभर दाणे आणखी टाकले. “तू आत शिरलास. त्या पोरीला पोत्यासारखी खांद्यावर आणलीस. ते लिहिलंय का कुणी? नाही लिहिलं. मग माझं मी काय सांगायचं ते मी सांगीन.”

“तुमच्यावर येतंय सगळं.”

“माझं काय राहिलंय? तुझी पोरगी शाळेत आहे.” मग त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले. “एक सांग. खोटं नको बोलू. तुला आला होता का वास, आणि पट्टा थांबंल म्हणून नाही म्हणालास?”

“नाही आक्का. येतच नाही मला. कधीच.”

छायाक्का पायरीवर बसल्या.

“म्हणजे रेश्मा रोज जाळीशी थांबायची ती...”

“हो.”

“आणि मी तिला काय काय बोलले.” त्यांनी पदराने तोंड पुसले. “जा आता. मला नाही आठवत म्हटलं ना.”

शुक्रवारी मुजावर केंद्रावर शेवटच्या तपासणीला आल्या. चालकाची नाकाची परीक्षा पुन्हा घेणे हा त्यातला रिवाजाचा भाग. तीन काचेच्या कुप्या, एकीत आम्ल, बाकी दोन्हींत पाणी. रणजितने बुचे काढून तिन्ही नाकाशी नेल्या आणि दुसरीवर बोट ठेवले.

“बरोबर,” मुजावर म्हणाल्या आणि बूच लावू लागल्या.

“मॅडम, वास नाही आला.”

“आत्ता ओळखलंत की.”

“झोंबलं. वास नाही.”

मुजावरांचा हात थांबला. “कुठं झोंबलं?”

त्याने दोन डोळ्यांच्या मध्ये बोट टेकवले.

नाकातून मेंदूकडे दोन वेगळ्या वाटा जातात. एक वासाची. दुसरी जळजळीची : कांदा चिरताना, मिरचीचा ठसका लागताना जी जागी होते ती. पहिली वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहते. परीक्षेतले आम्ल मुद्दाम तीव्र ठेवलेले असते, वाद नको म्हणून. इतके तीव्र की ते दुसऱ्या वाटेनेही कळते. मुजावरांना शरीरशास्त्र ठाऊक होते. ही परीक्षा त्या कित्येक वर्षे घेत होत्या. दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी बाटलीतले स्वच्छ पाणी घेतले आणि कुपीतले आम्ल पातळ करत गेल्या. दर वेळी स्वतः हुंगून पाहिले. आंबट वास स्पष्ट येतो आहे पण डोळ्यांना काही होत नाही, इथे त्या थांबल्या. मग पाठ करून कुप्यांची जागा बदलली.

“सांगा.”

रणजितने पहिली हुंगली, तिसरी हुंगली, दुसरी दोनदा हुंगली. दारात उभी असलेली रेश्मा जमिनीकडे बघत होती. तिला तिथून वास येत होता, आणि कुठल्या कुपीचे बूच उघडले की येतो हेही कळत होते. तिने मान वर केली नाही.

रणजितने तिसरीवर बोट ठेवले. ते पाणी होते.

“परत घेऊ?” मुजावरांनी विचारले.

“नको.”

“कधीपासून आहे हे?”

“अकरावीत होतो. महासाथीत गेला. सगळ्यांचा आला परत. माझा नाही आला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“पास होत होतो,” रणजित म्हणाला.

रणजितने चष्मा आणि हातमोजे खुंटीवर अडकवले.

“छायाक्कांनी मला विचारलं होतं, आंबट येतंय का म्हणून. मी नाही म्हणालो. पिशवी सोडायचं काम पण माझंच होतं. आठवत नाही म्हणतील त्या. तरी लिहा.”

परतताना मुजावरांनी वाटेतल्या दोन आम्लघरांवर गाडी थांबवली आणि पातळ केलेली कुपी तिथल्या चालकांपुढे धरली. दोघेही रणजितच्याच वयाचे होते. एकाने लगेच ओळखली. दुसऱ्याने बराच वेळ हुंगून विचारले, “मॅडम, ह्यात घातलंय का काही?”

अहवाल सोमवारी गेला नाही. त्याऐवजी जिल्ह्यातल्या सगळ्या चालकांची पातळ कुपीवर फेरपरीक्षा घ्यावी असे पत्र गेले. ती अजून चालू आहे. नापास झालेल्यांत काही जण असे आहेत ज्यांना आपले नाक गेले आहे हे स्वतःलाच ठाऊक नव्हते. रात्रीची वीज बंद ठेवायची नसल्याने तिथे तात्पुरते दुसरे माणूस उभे केले जाते. बऱ्याच ठिकाणी ते चालकाची बायको किंवा बहीण आहे. श्वासनळ्यांच्या जाळ्या स्टीलच्या करायचा आदेश निघाला आहे. धुरीच्या वेळी यंत्रावर बांधायच्या पिशवीबद्दल काय करायचे, यावर त्यासाठी नेमलेल्या समितीत एकमत झालेले नाही.

रणजितचे लायसन निलंबित आहे. गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला. छायाक्कांचे नाव वगळायचे की नाही ते ठरायचे आहे. त्या त्याच्याशी बोलत नाहीत. माझं ऐकलं नाहीस, असा त्यांचा निरोप रेश्माकडून आला होता. त्याच निरोपाबरोबर डझनभर अंडी आली होती.

संस्थेने रेश्माची परीक्षा घेतली. तिने पातळ कुपी तर ओळखलीच, पण पाण्याच्या दोन कुप्यांपैकी एक नीट धुतलेली नाही असेही सांगितले. आम्लघराची जागा तिला देऊ केली आहे. पगार रणजितचाच. तिने विचार करून सांगते म्हटले. घरी तिने त्याला विचारले, “घेऊ?” तो म्हणाला, “टाकीचं सगळं मी शिकवीन.” ती म्हणाली, “ते नाही विचारलं मी.” यापुढे त्यांचे काय बोलणे झाले ते दोघांनाच माहीत. होकार अजून संस्थेकडे पोचलेला नाही.

ईश्वरी घरी आली आहे. ती चालते, जेवते, आईशी भांडते. डॉक्टरांनी सांगितले आहे की या वायूचे काही परिणाम उशिरा दिसतात. माणूस बरा वाटतो आणि काही आठवड्यांनी स्मरण किंवा तोल ढळू लागतो. बहुतेकांचे तेही पुढे सुधारते. सगळ्यांचे नाही.

काल दुपारी रणजित आणि रेश्मा तिला भेटायला गेले. तिच्या आईने ताटात बेदाणा दिला. बोलता बोलता ईश्वरीच्या बोटांनी त्याची निवड सुरू केली, हिरवा एकीकडे, पिवळा एकीकडे, काड्या बाहेर. हात पूर्वीइतकेच चपळ होते. रेश्माला तिने नावाने हाक मारली, वास्तुशांत कशी झाली विचारले. मग ती रणजितकडे बघून हसली.

“तुम्हाला ओळखते मी,” ती म्हणाली. बोटे थांबली नाहीत. “फक्त कुठं बघितलंय ते सांगा.”